सही कुणाची आणि बांधील कोण? विडी कामगारांपासून बेसबॉलपटूंपर्यंत

सोलापुरात ‘युनियन’ म्हटलं की आधी मोर्चा आठवतो. लाल बावटे, पूनम गेटसमोर उन्हात बसलेल्या बाया, कुणाच्या तरी हातात माइक. मोर्चा रस्त्यावर असतो म्हणून सगळ्यांना दिसतो. पण युनियनचं निम्म्याहून जास्त काम बंद खोलीत चालतं. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये मागण्यांचं निवेदन, आणि शेवटी सही झालेला कागद. या सगळ्या प्रक्रियेला कायद्याच्या भाषेत सामूहिक वाटाघाटी म्हणतात. तो कागद कोण लिहितं, कुणाची सही चालते आणि सही न केलेल्या माणसालाही तो कसा बांधतो, हे एकदा नीट कळलं की कामगार कायद्यातला बराचसा गुंता सुटतो.

सुरुवात पूर्व भागातल्या विडी कामगार बाईपासून करू. ती कारखान्यातून पान, तंबाखू आणि सूत आणते, घरी विड्या वळते आणि हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने मजुरी घेते. माल देताना काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. आता ही बाई एकटी उठून म्हणाली, की हजारीमागे वीस रुपये वाढवा आणि छाट कमी करा, तर काय होईल? उद्यापासून तिचं पान शेजारणीला मिळेल. तिचा हात कितीही सफाईदार असो, ती बदलता येते. तिच्यासारख्या पाच हजार जणींनी एकत्र तेच म्हटलं, तर बदलायला माणसंच उरत नाहीत. सामूहिक वाटाघाटींचं सगळं गणित एवढंच आहे.

आपला करार कायदा १८७२ चा. दोन माणसं राजीखुशीने करार करतात आणि दोघंही सारख्या ताकदीची आहेत, असं तो गृहीत धरतो. कामगार कायदा नेमकं हे गृहीतक नाकारतो. मालक आणि एकटा कामगार सारखे नाहीत हे तो आधीच मान्य करतो आणि मग तोल कसा साधायचा ते सांगतो.

कायदा येण्याआधीही लोक हे करत होतेच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं आणि १८९० च्या जूनमध्ये गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. फॅक्टरी कायद्यातली आठवड्याची सुट्टी त्यानंतर, १८९१ मध्ये आली. म्हणजे आपला रविवार आधी वाटाघाटीत मिळाला, कायद्याने तो मागाहून लिहून घेतला. कामगार कायद्यातल्या बऱ्याच गोष्टींचा क्रम असाच आहे.

मात्र कायद्याचं कवच नसेल तर युनियन चालवणं म्हणजे गुन्हाच ठरू शकतो. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या मालकांनी १९२० साली कामगार नेते बी. पी. वाडियांवर दावा ठोकला. कामगारांना काम बंद करायला सांगून तुम्ही आमच्याशी झालेला त्यांचा करार मोडायला लावलात, असा आरोप होता. हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये कायदेमंडळात ठराव मांडला आणि त्यातून पुढे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. नोंदणी झालेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर केवळ संप घडवला म्हणून कटाचा खटला किंवा नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही, हे संरक्षण त्याने दिलं. युनियनच्या नोंदणी क्रमांकाला इतकं महत्त्व का, याचं उत्तर त्या मद्रासच्या दाव्यात आहे. नोंदणीला किमान सात सभासद लागतात आणि शिवाय त्या ठिकाणच्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तितके सभासद हवेत.

आता एक गोष्ट, जी युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यांनाही कधीकधी माहीत नसते. राज्यघटनेच्या कलम १९ (१) (ग) ने संघटना स्थापन करण्याचा मूलभूत हक्क दिला आहे. पण संघटनेशी मालकाने बोललंच पाहिजे, असं घटना म्हणत नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये स्पष्ट सांगितलं, की संघटना करण्याच्या हक्कात सामूहिक वाटाघाटींचा किंवा संपाचा हक्क आपोआप येत नाही, तो साध्या कायद्याने द्यावा लागतो. आणि साध्या कायद्याने दिलेलं साध्या कायद्याने काढूनही घेता येतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे या विषयावरचे दोन मुख्य करार, ८७ आणि ९८ क्रमांकाचे, भारताने आजही स्वीकारलेले नाहीत.

मालकाशी कोण बोलणार?

म्हणून खरा झगडा मान्यतेचा असतो. नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. एका कारखान्यात चार नोंदणीकृत युनियन असू शकतात. मग बोलणी कुणाशी करायची? लग्नाच्या याद्या करताना मुलीकडून मामा एक बोलतात आणि काका दुसरंच, तर बैठक मोडते. शेवटी ‘आमच्याकडून हे बोलतील’ असं एक माणूस ठरवावं लागतं. कारखान्यात तो माणूस कायद्याने ठरतो आणि तो चुकीचा ठरला तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे.

जुन्या मुंबई प्रांतात १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा होता, मुंबईच्या कापड गिरण्यांना तो लागू होता आणि सोलापुरातल्याही. त्यात एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन असे आणि करार करण्याचा अधिकार तिचाच. मुंबईत ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पगारवाढीइतकीच ठळक मागणी होती ती हा कायदा रद्द करण्याची. कामगार एका माणसाच्या मागे आणि सहीचा अधिकार दुसऱ्या संघटनेच्या हातात. मालक म्हणत, आम्ही सामंतांशी बोलू कसे, कायद्यात ते कुणीच नाहीत. सरकार तेच म्हणत होतं. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरघळून गेला. हा संप का फसला याची डझनभर कारणं दिली जातात, त्यात गिरण्यांच्या जमिनीचं कारण मोठं आहेच. पण कायद्याचा विद्यार्थी म्हणून पाहिलं तर मला सहीचा हा पेच सगळ्यात आधी दिसतो.

इतर उद्योगांसाठी महाराष्ट्राने १९७१ चा मान्यता आणि अनुचित प्रथांचा कायदा केला. मागचे सहा महिने किमान ३० टक्के कामगार ज्या युनियनचे सभासद आहेत, ती औद्योगिक न्यायालयात अर्ज करून मान्यता मिळवू शकते. मान्यता मिळालेल्या युनियनशी मालकाने प्रामाणिकपणे बोलणी केली नाहीत, तर ती अनुचित प्रथा ठरते. देशात बहुतेक ठिकाणी अशी तरतूदच नव्हती, त्यामुळे या बाबतीत महाराष्ट्र पुढे होता.

मग आल्या केंद्राच्या चार श्रम संहिता. जुने २९ कायदे त्यात गोळा केले आहेत आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेने मान्यतेचा प्रश्न साऱ्या देशासाठी सोडवायचा प्रयत्न केला आहे. एकापेक्षा जास्त युनियन असतील, तर मस्टरवरच्या, म्हणजे हजेरीपटावरच्या, कामगारांपैकी ५१ टक्के ज्या युनियनच्या मागे आहेत ती ‘वाटाघाटी करणारी’ युनियन. कुणाकडेच तेवढे नसतील तर किमान २० टक्के असलेल्या युनियनचे प्रतिनिधी मिळून परिषद बनते. कागदावर हे नीटनेटकं आहे. पण तिसरी-चौथी युनियन काढून कामगार फोडणं मालकाला अवघड नसतं. मग ५१ टक्के कुणाकडेच नाहीत आणि परिषदेतले प्रतिनिधी एकमेकांची तोंडं पाहत नाहीत, असं चित्र सहज उभं राहू शकतं.

कराराचे दोन प्रकार आणि त्यातला फरक

पगारवाढीचा करार झाला, तो कुणाला लागू? मालक आणि युनियन यांनी आपसांत बसून केलेला करार फक्त सही करणाऱ्यांना, म्हणजे त्या युनियनच्या सभासदांना बांधतो. पण तोच करार सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर, रीतसर समेटाच्या कामकाजात झाला, तर त्या कारखान्यातल्या सगळ्यांना बांधतो. दुसऱ्या युनियनचे, कुठल्याच युनियनचे नसलेले आणि उद्या नव्याने कामाला लागणारेसुद्धा त्यात येतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम १८ ने ही विभागणी केली आणि नव्या संहितेनेही ती ठेवली आहे. म्हणून अनुभवी नेते बाहेर सगळं ठरलं असलं तरी शेवटची सही कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन करतात. बाहेरून हे उगाच सोपस्कारासारखं वाटतं, पण एका टेबलाच्या फरकाने करार पाचशे लोकांचा होतो की दोन हजारांचा, हे ठरतं.

करारात साधारणपणे मुदत असते, तीन ते पाच वर्षांची. पगार, भत्ते, कामाचा बोजा, रजा, बढती असं सगळं येतं. कामाच्या ठरलेल्या अटी मालकाला परस्पर बदलायच्या असतील तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. संपासाठी आता सर्वच औद्योगिक आस्थापनांत किमान १४ दिवस आधी नोटीस लागते. हे बंधन पूर्वी पाणी, वीज, वाहतूक अशा लोकोपयोगी सेवांपुरतं होतं. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच. एकदा समेटाचं कामकाज सुरू झालं की संपही नाही आणि टाळेबंदीही नाही. नोटीस दिली की समेट सुरू होतो, समेट सुरू झाला की संप बेकायदा, असं हे चक्र आहे. कायदेशीर संप करणं आता जवळजवळ अशक्य झालं, अशी संघटनांची तक्रार आहे आणि तारखा मांडून पाहिल्या तर ती फेटाळता येत नाही.

कोट्यधीशांनाही युनियन कशाला लागते?

आता पार्क मैदानावर चला. पॉली उम्रीगर या शहरात जन्मले, त्यामुळे सोलापूरचं क्रिकेटशी नातं जुनं. लाखांत आणि कोटींत कमावणाऱ्या खेळाडूला युनियनची गरज काय, हा प्रश्न तिथल्या कट्ट्यावर विचारला तर हशाच होईल. तरी जगातल्या सर्वांत ताकदवान युनियनमध्ये खेळाडूंच्या युनियनची गणना होते. कारण विडी कामगार बाईच्या आणि त्यांच्या अडचणीत एक साम्य आहे. माल घेणारा एकच. देशासाठी खेळायचं तर मंडळ एकच, व्यावसायिक खेळायचं तर लीग एकच. आणि कारकीर्द जेमतेम दहा वर्षांची.

अमेरिकेतल्या बेसबॉलचं उदाहरण मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. तिथे खेळाडूच्या छापील करारात एक कलम होतं. खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर क्लब जुना करार आणखी एका वर्षासाठी वाढवू शकेल. क्लबांनी अर्थ असा लावला, की वाढवलेल्या करारातही हे कलम आहेच, म्हणून तो पुन्हा वाढवता येतो आणि मग पुन्हा. एकदा सही केली की खेळाडू आयुष्यभर त्या क्लबचा. क्लबाने विकला तर जायचं, नाहीतर घरी बसायचं.

सेंट लुईस कार्डिनल्सच्या कर्ट फ्लड यांना १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला पाठवलं. ते गेले नाहीत, कोर्टात गेले. तीन वर्षांनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. दरम्यान त्यांची कारकीर्द संपली.

पण दुसरीकडे वेगळंच काम चालू होतं. मार्विन मिलर नावाचे गृहस्थ १९६६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले. ते आले होते पोलाद कामगारांच्या युनियनमधून, त्यांना बेसबॉलपेक्षा कराराची कलमं जास्त कळत. दोन वर्षांत त्यांनी पहिला सामूहिक करार केला, किमान पगार ६ हजार डॉलरवरून १० हजारांवर नेला. वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं. खरी कमाई १९७० च्या करारात होती आणि ती फारशी कुणाच्या नजरेत आली नाही. कराराच्या अर्थावरून तंटा झाला तर निकाल क्लबांनी नेमलेला आयुक्त देणार नाही, तटस्थ लवाद देईल, असं एक कलम मिलर यांनी त्यात घालून घेतलं.

अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोघे १९७५ च्या हंगामात नव्या करारावर सही न करता खेळले आणि मग लवादाकडे गेले. लवाद पीटर साइट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ ला निकाल दिला, की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. क्लबांनी साइट्झ यांना लगेच काढून टाकलं, कोर्टातही गेले आणि हरले. पुढच्या वर्षीच्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मोकळा, हे लिहिलं गेलं. सुप्रीम कोर्टाने जे दिलं नाही ते वाटाघाटीत मिळवलेल्या एका रुक्ष कलमाने दिलं. ‘तंटा झाला तर कुणाकडे जायचं’ ही ओळ आपल्याकडच्या करारांत शेवटच्या पानावर असते आणि बहुधा कुणी वाचत नाही.

उलटी बाजूही सांगायला हवी. वाटाघाटीत दरवेळी वाढच मिळते असं नाही. बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये २०११ ला मालकांनी टाळेबंदी केली आणि उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून निम्म्याच्या आसपास आला. आइस हॉकीत तर २००४-०५ चा अख्खा हंगाम टाळेबंदीत गेला, एकही सामना झाला नाही. आपल्याकडे टाळेबंदी म्हटलं की बंद गिरणीचं दार आठवतं. स्टेडियमलाही तसंच कुलूप लागतं.

क्रिकेटमध्ये ताजं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथे खेळाडूंची संघटना १९९० च्या दशकापासून मंडळाच्या उत्पन्नात वाटा घेते. २०१७ मध्ये मंडळाला देशांतर्गत खेळाडूंना त्या वाट्यातून वगळायचं होतं. मोठ्या खेळाडूंना त्यात तोटा नव्हता, तरी स्मिथ-वॉर्नरसारख्यांनी वेगळा सौदा केला नाही. ३० जूनला करार संपला आणि दोनशेहून अधिक खेळाडू बेकार झाले, ‘अ’ संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला. ऑगस्टमध्ये मंडळ नमलं आणि उत्पन्नातला वाटा टिकला. बांगलादेशचे खेळाडू ऑक्टोबर २०१९ मध्ये भारत दौऱ्याच्या तोंडावर संपावर गेले, तेव्हाही मागण्यांमध्ये देशांतर्गत सामन्यांचं मानधन होतं.

आणि आपण? जगातलं सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ आपलं, पण सध्या खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंची युनियन नाही. क्रिकेट मंडळाच्या सुधारणेसाठी सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली, ती निवृत्त खेळाडूंची. आयपीएलमध्ये संघाची पर्स (खेळाडूंवर खर्चायची कमाल रक्कम) किती, कुणाला कायम ठेवायचं, कोण लिलावात जाणार, हे नियम मंडळ ठरवतं. रवींद्र जडेजाने परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून २०१० चा हंगाम त्याच्यासाठी बंद झाला. अमेरिकेत संघांच्या खर्चावर अशीच मर्यादा असते, पण ती खेळाडूंच्या युनियनशी झालेल्या करारातून येते म्हणूनच तिथल्या स्पर्धा कायद्यातून सुटते. मालकांनी एकट्याने ठरवली असती तर ती साखळी करून मजुरी पाडण्यासारखी ठरली असती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महिलांना पुरुषांइतकंच सामना मानधन जाहीर झालं, कसोटीला १५ लाख. सप्टेंबर २०२४ मध्ये आयपीएलच्या खेळाडूंना लिलावाच्या रकमेशिवाय सामन्यामागे साडेसात लाख जाहीर झाले. रक्कम चांगलीच आहे. पण ती जाहीर झाली, वाटाघाटीत ठरली नाही. जो देतो तोच उद्या बदलू शकतो आणि त्याला २१ दिवसांची नोटीससुद्धा द्यावी लागत नाही. त्या अर्थाने मजुरीच्या दरासाठी वर्षानुवर्षं मालकांसमोर बसणाऱ्या सोलापूरच्या विडी कामगार बाया लिलावातल्या कोट्यधीशांच्या पुढे आहेत. नव्या संहितेतल्या ‘कामगार’च्या व्याख्येत पत्रकार आणि औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी नाव घेऊन घातले आहेत. खेळाडूंचं नाव नाही.

मालकच सापडत नाही तेव्हा

सोलापुरात अडचण दुसरीच आहे. गिरणीला एक दार आणि एक मालक होता. यंत्रमागाच्या शेडमध्ये पंधरा-वीस माणसं, एकाच घरातल्या चार नावांवर चार युनिट. टॉवेल आणि चादरीच्या कामगाराला मालक कोण, हेच आधी सिद्ध करावं लागतं. विडीत घरी वळणारी बाई ‘आमची कामगार नाही, ती स्वतःच्या घरी काम करते’ असा युक्तिवाद होता. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरखेप करणाऱ्यांनाही कामगार मानलं आणि तो युक्तिवाद मोडला. बाजार समितीतल्या हमालांसाठी राज्याने १९६९ च्या माथाडी कायद्याने वेगळी वाट काढली. एक मालक नसेल तर मंडळ नेमा, सगळ्या व्यापाऱ्यांनी मजुरी आणि लेव्ही (कामगारांच्या सुविधांसाठीची जादा रक्कम) तिथे भरावी.

तिसरी वाट सरकारशीच वाटाघाटी करण्याची. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कुंभारीला आधी विडी कामगार महिलांची १० हजार घरं झाली. मग असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर उभं राहिलं आणि त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. मालकाकडून पगारात न मिळालेलं राज्याकडून घराच्या रूपात घेणं, हाही वाटाघाटींचाच प्रकार, फक्त पाठ्यपुस्तकात तो सापडत नाही.

तुम्ही स्वतः एखाद्या कारखान्यात किंवा शोरूममध्ये कामाला असाल, तर ५१ टक्क्यांचं गणित मस्टरवरून होतं हे लक्षात ठेवा. ठेकेदाराच्या वहीत नाव असेल तर मुख्य कंपनीच्या मोजणीत तुम्ही नाही. नव्या संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यावं लागतं, ते मागून घ्या आणि त्यावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. युनियनने करार केला असेल तर त्याची प्रत मागा. तो आपसांत झाला की समेट अधिकाऱ्यासमोर, मुदत कधी संपते आणि तंटा झाल्यास कुणाकडे जायचं, या तीन ओळी आधी शोधा. पगारवाढीचा आकडा नंतर पाहिला तरी चालेल.